कप्तानावर संशय घेणाऱ्या बाई

टँकरचा ड्रायव्हर "बाई, एक नंबर दूध हाय" म्हणाला की बाई चष्मा कपाळावर ढकलायच्या, नमुन्याची बाटली नाकाशी धरायच्या आणि डोळे मिटूनच विचारायच्या, "कोण म्हणतंय असं?"

"मीच म्हणतोय की, बाई."

मग डोळे उघडायचे. "तू म्हणतोयस व्हय? मग तर तपासायलाच पायजे."

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "माझं नाव छापून दुधाची फॅट वाढणार हाय का?"

त्यांचा संशय दुधापुरता नव्हता. भिंतीवरचं घड्याळ, कँटीनचा स्पेशल चहा, मॅनेजरसाहेबांचं 'सहज आलो होतो', लग्नपत्रिकेतलं 'आग्रहाचं निमंत्रण' हे सगळं त्या एकदा नाकाशी धरून बघत. तुमच्यापैकी कुणी अशा माणसाबरोबर काम केलं असेल, तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिलं वर्षभर राग येतो. मग सवय होते. आणि मग एक दिवस बायको आपल्याला विचारते, की भाजी आणायला पाठवलं तर तिथे उभं राहून प्रत्येक वांग्याची चौकशी कशाला करताय.

मी इंदापूरहून मोटरसायकलवर यायचो. निमगाव केतकीच्या स्टँडवर बाई डबा आणि छत्री घेऊन उभ्या असायच्या. एका बाजूला पाय सोडून मागे बसायच्या आणि बारामती येईपर्यंत माझ्या खांद्यावरून रस्त्यावर लक्ष ठेवायच्या. समोरच्या ट्रॅक्टरने उजवीकडचा दिवा लावला की म्हणायच्या, "थांब. तो डावीकडंच वळणार." आणि तो डावीकडेच वळायचा.

त्या काळात मी बारामतीतल्या एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानावर अंतराळकथा लिहायचो. कप्तान मिहिर हा माझा नायक. 'पारवा' नावाच्या यानातून तो दोनशे माणसांना मंगळापलीकडच्या वसाहतीकडे नेत होता. उंच, शांत, कधीही न चुकणारा. डब्याच्या वेळी अंक सगळ्यांच्या हातून फिरायचा आणि शेवटी बाईंकडे जायचा. त्या तो दुधाच्या रिपोर्टसारखा वाचायच्या, बोट फिरवत.

नवव्या भागात मी कप्तानाला फार मोठं केलं. यानाला भगदाड पडतं, हवा निसटू लागते. इंजिनघरातले तीन तंत्रज्ञ आतून दार लावून घेतात, दोनशे माणसं वाचतात आणि ते तिघे जातात. कप्तान डोळे पुसत सगळ्यांना सांगतो, 'जाताना त्यांनी मला सलाम केला.' साप्ताहिकाच्या संपादकांनी फोन करून माझं कौतुक केलं होतं.

बाईंनी अंक खाली ठेवला. "दार कुठल्या बाजूनं लागलं?"

"आतून. लिहिलंय की तसं."

"कोण म्हणतंय असं?"

"कप्तान."

"अन् ते तिघं?"

"ते गेले ना, बाई."

"म्हणजे साक्षीदार एकच. अन् त्योच दाराशी उभा होता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नावं काय त्यांची?"

मी नावं दिलीच नव्हती.

त्या दिवशी दुपारी त्यांनी एका वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं: स्वतःच्या वाटणीचं पाणी दुसऱ्याला दिलं. म्हाताऱ्या आचाऱ्यासाठी जळत्या खोलीत परत गेला. सगळ्यांचं झाल्यावर जेवतो. उजवीकडे लिहिलं: दर वेळी स्वतःच सांगतो. कुणाला विचारत नाही. मेलेल्यांची नावं घेत नाही. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"माणूस वाईट हाय असं म्हणत न्हाय मी," त्या म्हणाल्या. "पण तू त्याची एकच बाजू तपासलीस. आपल्या हितं असा रिपोर्ट चालतो का?"

मला राग आला. मुलांच्या पानावरची गोष्ट ती काय आणि ही उलटतपासणी कसली! परत जाताना भवानीनगरपर्यंत मी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली. शेवटी न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला कुणावरच विश्वास कसा ठेवता येत नाही?"

मग त्यांनी वडगाव निंबाळकरच्या एका आबांची गोष्ट सांगितली. बाई नोकरीला नव्या होत्या तेव्हाची. आबांच्या दुधात पाणी निघायचं. बाईंनी आठवडाभर त्यांचं कॅन परत पाठवलं. आबा रोज शपथेवर सांगायचे आणि बाई रोज ते मोजण्याचं काचेचं लॅक्टोमीटर त्यांच्यासमोर धरायच्या. आठव्या दिवशी लक्षात आलं, की त्या लॅक्टोमीटरलाच केसाएवढी चीर होती.

"मी त्यांच्या घरी गेले. म्हणलं, आबा, चूक माझी. ते म्हणले, बाई, दूध काय, आज गेलं उद्या हाय. गावात नाव गेलं त्याचं काय करू?"

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गावच्या संकलन केंद्रावर गेले. सगळी घागरी-किटल्या घेऊन उभी होती. तितं सांगितलं, आबांच्या दुधात पाणी नव्हतं, माझ्या हातात खोटं यंत्र होतं." मग म्हणाल्या, "तवापासनं रोज आधी स्वतःचं यंत्र तपासते. मग दुसऱ्याचं दूध."

पुढे जे घडलं ते त्या उन्हाळ्यातलं. दुपारची वेळ. मी शीतगृहात लोण्याचे नमुने घेत होतो. शेजारच्या यंत्रघरात, जिथून शीतगृहाला थंडावा देणारा अमोनिया फिरतो, तिथली नळी फुटली. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. डोळ्यांत तिखट ओतल्यासारखं झालं, श्वास अर्ध्यात अडला आणि मी भिंतीला धरून खाली बसलो. पांढऱ्या धुरातून शिफ्ट इंजिनिअर साहेब आले. त्यांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी मला काखेत धरून ओढत बाहेर नेलं आणि परत आत गेले. असे ते पाच वेळा आत गेले. पाच माणसं त्यांनी बाहेर काढली. मी त्यातला पहिला.

पण बाहेर व्हरांड्यात पडलेलो असताना मी एक गोष्ट ऐकली. अंकुश नावाचा कंत्राटी कामगार यंत्रघराच्या दाराशी उभा होता. दोन मुलींचा बाप, साधा माणूस. साहेब त्याला ओरडले, "आत जा, व्हॉल्व्ह बंद कर!"

"साहेब, मास्क?"

"एकच आहे! जा, वेळ नाही!"

अंकुश तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून गेला. व्हॉल्व्ह बंद झाला. तो मात्र रांगत बाहेर आला, दोन्ही डोळे हातांनी दाबून.

चौथ्या दिवशी कचेरीत एक कागद सहीला आला. साहेबांनी अहवाल लिहिला होता. 'सदर कामगार मनाई असतानाही स्वतःच्या जबाबदारीवर आत गेला.' वाचलेल्या पाचही जणांनी साक्षीदार म्हणून सही करायची होती. साहेब समोरच बसले होते. त्यांचे हात पोळले होते, बोटांना पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांकडे बघत मी सही केली.

संध्याकाळी मोटरसायकलवर बाईंनी मागून विचारलं, "काय लिहिलं होतं त्या कागदात?"

"जे घडलं ते."

"कोण म्हणतंय असं?"

समोर उसाचा ट्रॅक्टर होता. मी त्याच्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. ओव्हरटेक करायला जागा होती, तरी केलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. मला मात्र वाटत राहिलं, की त्यांनी माझ्या पाठीला नाक लावलंय.

रविवारी बाई बारामतीच्या दवाखान्यात अंकुशला भेटून आल्या. सोमवारी डबा खाताना त्यांनी मला ते सांगितलं, शांतपणे, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. अंकुशच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. कंत्राटदार म्हणत होता, तू मनाई मोडलीस, आता कंपनीचा काही संबंध नाही.

"मी त्याला विचारलं, साहेबाचा राग येतो का? तर म्हणला, त्यांनी पाच जीव वाचवले, राग कसा येईल? फक्त मला खोटं पाडू नका म्हणावं. मला कुणी मना केलं न्हाय. जा म्हणले, मी गेलो."

मी डब्याचं झाकण लावलं.

"तुझ्या कप्तानाचा पुढचा भाग कधी हाय?" बाईंनी विचारलं.

"सुचत नाही, बाई."

"सुचंल कसं? त्या दाराशी आता तूच उभा हायेस."

त्या उठून हात धुवायला गेल्या. 'सही मागे घे' असं त्या म्हणाल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. दोन दिवस मी त्यांच्यावरच संशय घेतला. या बाईला साहेबांशी काही जुनं वैर तर नाही? स्वतः तर त्या वेळी टँकरपाशी होत्या, धूर बघितलाही नाही. साहेब नसते तर मी आज असतो का? हे सगळे प्रश्न खरे होते, पण मी ते कशासाठी विचारतोय हे मला कळत होतं.

बुधवारी मी नवा जबाब लिहिला. पहिल्या परिच्छेदात साहेबांनी मला आणि इतर चौघांना कसं बाहेर काढलं ते, एकही गोष्ट न गाळता. दुसऱ्यात अंकुशला काय सांगितलं ते, शब्दाला शब्द. तिसऱ्यात, की आधीची सही मी भीड पडून केली. तो मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी वाचला. मग म्हणाले, "मी तुला बाहेर काढलं होतं."

"हो साहेब. तेही लिहिलंय. पहिलंच."

त्यांनी कागद परत वाचला. बराच वेळ लावला. "मला भीती वाटली होती रे," ते एवढंच म्हणाले. आत जाण्याची की नंतरची, ते मी विचारलं नाही.

उरलेल्या चौघांपैकी दोघांनी जबाब बदलले. अंकुशच्या उपचारांची जबाबदारी कंपनीने घेतली. त्याचा एक डोळा सावरला, दुसऱ्याने त्याला आता फक्त उजेड कळतो. गेटवर बसून गाड्यांची नोंद करण्याचं काम त्याला मिळालं, कायम. साहेबांची दुसऱ्या राज्यातल्या प्लँटवर बदली झाली.

त्यांच्या निरोपाला कुणी फिरकणार नाही असं दिसत होतं. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर तसाच. तेवढ्यात बाई आल्या, इस्त्रीची साडी नेसून, अंकुशचा हात धरून. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या माणसामुळं पाच घरात आज चूल पेटती. ते पण लक्षात ठेवायला पायजे." आणि स्वतः बॉक्स उघडून पहिला पेढा साहेबांच्या हातावर ठेवला. साहेब तो तसाच हातात धरून उभे राहिले. मग अंकुश म्हणाला, "खावा की, साहेब." तेव्हा त्यांनी खाल्ला.

मी कप्तान मिहिरचा शेवटचा भाग लिहिला. त्यात तो वसाहतीत पोचल्यावर सगळ्यांना जमवतो, तिघांची नावं घेतो आणि सांगतो, की दार मी बाहेरून लावलं. दुसरा मार्ग होता का, ते मला अजूनही माहीत नाही. संपादक म्हणाले, मुलांना हे जड होईल. तरी छापलं. बाईंनी बोट फिरवत वाचलं आणि चष्मा काढला. "आत्ता कुठं वळखीचा वाटाय लागला," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून सात वर्षांत मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं कौतुक.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. बुद्धपौर्णिमेला मी खीर खायला निमगावला जायचो, कधी मधेच फोन करायचो. एका फेब्रुवारीत त्या म्हणाल्या, "जन्म हितं गेला, पण उजनीच्या पाण्यावरचं रोहित पक्षी कधी बघितलं न्हायत. पेपरात गुलाबी दिसत्यात. रंग भरलेला असंल." मी त्यांना भिगवणच्या बाजूला घेऊन गेलो. नावेत चढताना त्यांनी नावाड्याला पोहता येतं का ते दोनदा विचारलं आणि बसल्यावर माझी बाही घट्ट धरली.

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यामुळे माझ्याकडे शेवटचं आहे ते त्या सकाळचंच. उथळ पाण्यात शेकडो पक्षी उभे होते, लांबून पांढरेच दिसणारे. नाव जवळ गेली तसे ते पाण्यावर धावत सुटले आणि पंख उघडून एकदम वर उठले, आणि पंखांच्या आतला सगळा लाल-गुलाबी रंग आमच्या डोक्यावर आला. बाईंनी माझी बाही सोडली आणि त्या उभ्या राहिल्या. नाव डावी-उजवीकडे डुलायला लागली. नावाडी ओरडला, "आज्जी, खाली बसा, पडचाल!" बाईंनी ऐकलं नाही. तोंड वर करून, पदर वाऱ्यावर सोडून, त्या डुलत्या नावेत तशाच उभ्या होत्या, मोठ्याने हसत.