खिशातली चतकोर

मला आफ्रिकेला पाठवलं ते माझं तोंड बंद राहावं म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. फोर्टातल्या ज्या कचेरीत मी कारकून होतो, तिथल्या साहेबानं मला मोर्च्यात घसा फोडताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. आई हबकली. गोळीबारात माणसं गेलेली होती आणि मी तर भांडण उकरून काढण्यात पटाईत. थोरला भाऊ नैरोबीला रेल्वेत होता. त्यानं बोटीचं तिकीट पाठवलं आणि लिहिलं, "सहा महिने इकडे ये. डोकं थंड कर." बरोबरीची मुलं तुरुंगात जात होती आणि मी ठाकूरद्वारच्या चाळीतून लाडवांचा डबा घेऊन बोट पकडायला निघालो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

नैरोबीत मला काही उद्योग नव्हता. दादा कामावर जाई आणि मी घरात बसून जेवणापासून हवेपर्यंत सगळ्याला नावं ठेवी. शेवटी वहिनी कंटाळली. शहराबाहेर एका गोऱ्या बाईनं रानातल्या अनाथ जनावरांसाठी जागा काढली होती. फाशात सापडलेली, आई मारली गेलेली पिल्लं तिथं वाढवायची आणि मोठी झाली की परत जंगलात सोडायची. बिनपगारी राबणारी माणसं बाईला हवीच असत. "भावोजी, तिथं तरी जा," वहिनी म्हणाली. "ज्यांच्यावर ओरडाल त्यांना निदान मराठी कळायचं नाही."

मी गेलो. शेण काढलं, पाणी ओढलं, गवत कापलं. गिरगावातल्या माझ्या मित्रांनी पाहिलं असतं तर आठवडाभर हसले असते. कामं सांगायला तिथला म्हातारा राखणदार होता. तरुणपणी त्यानं आपल्याकडच्या मजुरांबरोबर रेल्वेचे रूळ टाकले होते, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. बोलायचा फार कमी. त्यानं एक हरणाचं पाडस माझ्या ताब्यात दिलं. मादी होती. नुकतंच बाटलीचं दूध तोडलेलं, कान डोक्यापेक्षा मोठे आणि पाय कुठं ठेवावेत याचा पत्ता नाही.

तिथला एक नियम होता आणि तो मला पहिल्या दिवशीच सांगितला गेला. दूध तुटलं की पिल्लाला हातानं भरवायचं नाही. चारा कुंपणाच्या आत टाकायचा आणि मागं फिरायचं. नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही, गोंजारायचं नाही. पिल्लू आपण होऊन जवळ आलं, तर पत्र्याचा डबा बडवून त्याला पळवायचं. राखणदार म्हणाला, "ती माणसाला भ्याली तर जगेल."

मला हा दुष्टपणा वाटला. आमच्या घरी पहिल्या पोळीची चतकोर गाईची असे. वाडीच्या तोंडाशी एक बाई गाय घेऊन बसायची. आई आधी तिथं जाऊन हातानं गाईला ती चतकोर भरवायची आणि मग आमची पानं वाढायची. ताप असला तरी तिनं हे चुकवलं नाही. लहानपणापासून मी हेच पाहत आलो होतो, की मुक्या जिवाला भरवायचं ते हातानं. चारा जमिनीवर फेकून पाठ फिरवणं मला जमेना. शिवाय मी एकटा होतो. इतकी साधी गोष्ट कबूल करायला मला म्हातारा व्हावं लागलं.

नैरोबीच्या सकाळी गार असत. मी दादाचा जुना लोकरीचा कोट घालून जाई. वहिनीकडून पहिल्या पोळीची चतकोर मागून घ्यायचो, तिला गूळ लावायचा आणि ती कोटाच्या खिशात टाकायची. राखणदार पलीकडच्या आवारात असे तेव्हा मी पाडसाला ती भरवी. पहिले दोन दिवस ती लांबूनच नाक हलवत राहिली. तिसऱ्या दिवशी जिभेनं माझा तळहात साफ केला. पुढं पुढं तर मी कुंपणाशी दिसलो की धावत यायची आणि सरळ खिशात तोंड खुपसायची. "ये गं बाय, ये," मी म्हणायचो. राखणदार जवळ असला की मीही डबा बडवायचो, पण ती मला कधी भ्याली नाही. कचेरीतल्या साहेबानं हाकलून दिलेल्या माणसाची कुणीतरी वाट बघतं, याचा मला केवढा अभिमान होता.

सहा महिने संपले आणि मी परत आलो. निघायच्या सकाळीसुद्धा चतकोर नेली होती. राखणदारानं माझा हात हातात घेतला आणि माझ्या कोटाकडं बघितलं.

पुढं दोन-तीन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. तिला जंगलात सोडलं होतं. दुसऱ्या हरणांच्या कळपात मिसळून ती झाडीत दिसेनाशी झाली होती. मी तिला हातानं चतकोर भरवायचो, हे आईला आल्या आल्याच सांगितलं होतं. ते पत्रही तिला दोनदा वाचून दाखवलं. आईनं ते अख्ख्या चाळीला सांगितलं. भांडणाखेरीजही मला काही करता येतं याचा तिला पहिल्यांदाच पुरावा मिळाला होता.

दुसरं पत्र आलं ते महाराष्ट्र राज्य व्हायच्या त्या आठवड्यात. गिरगावात माळा लागत होत्या, चाळीच्या कठड्यांवर पोरं पणत्या मांडत होती. ज्या दिवसासाठी मी नोकरी घालवली, तो दिवस आला होता. मी गॅलरीत उभा राहून दादाचं पत्र वाचलं.

एका शिकाऱ्यानं तिला मारलं होतं. रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून तो उतरला, तेव्हा बाकीचा कळप उधळला आणि ती एकटी त्याच्याकडं चालत आली. त्याच्या अंगात कोट होता. तिनं त्याच्या खिशाला नाक लावलं. क्लबात त्यानं ही गोष्ट हसत सांगितली, की अशी शिकार आयुष्यात केली नाही, नेमसुद्धा धरावा लागला नाही. गोऱ्या बाईच्या कानावर ते गेलं. तिनं आवारातल्या सगळ्यांना विचारलं, हिला हातानं कुणी भरवलं. कुणी बोललं नाही.

नंतर राखणदार दादाच्या घरी आला होता. त्यानं दिलेला निरोप दादानं जसाच्या तसा लिहिला होता. "तुझ्या भावाला सांग, मला माहीत होतं. सकाळी येताना त्याचा खिसा फुगलेला असायचा, जाताना नसायचा. घर सोडून आलेला माणूस आहे म्हणून मी गप्प बसलो. तो गेल्यावर मी दोन महिने तिच्यापुढं डबा बडवला. ती विसरली असं मला वाटलं. चूक माझीही आहे."

मला रडू फुटलं. खालून मित्र हाका मारत होते. डोकं दुखतंय असं सांगून मी आत आलो. राज्य मिळाल्याचा आनंद मला नाही झाला असं नाही, पण तो मी चार दिवस उशिरा केला आणि एकट्यानं केला.

आई स्वयंपाकघरात होती. तिनं विचारलं, "दादाचं ना रे? काय म्हणतो?"

"बरं आहे सगळं."

"आणि हरीण तुझं?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं तर चतकोरीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती चतकोर तिची होती. मी म्हणालो, "आहे की. जंगलात आहे."

"असणारच," आई म्हणाली. "तू हातानं भरवलंस तिला. आता माणसाची भीती राहिली नसेल तिच्या मनात. तेवढं एक पुण्याचं काम केलंस बघ."

मी हो म्हणालो.