विनीची नाताळची पत्रं

आमच्या गावची विनिफ्रेड स्केल्टन, म्हणजे विनी, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे सोलून निवृत्त झाली. स्वभावानं इतकी सभ्य की राग यावा.

ओढ्याकाठच्या वाटेनं ती घोडीवरून जायची, आम्ही सायकलींवरून. नकाशात मात्र ती वाट फक्त पायी चालणाऱ्यांची. त्या रानाच्या नव्या मालकानं वाटेवरच्या फाटकाला कुलूप ठोकलं. चालणाऱ्यांनी बाजूच्या कुंपणावरच्या पायऱ्या चढून पलीकडे जावं म्हणे. आम्ही आलो मोठ्या रस्त्यावर. तिथल्या वळणावर दगडखाणीचे ट्रक थेट अंगावर येतात.

उपाय एकच होता. वीस वर्षं आम्ही उघडपणे, कुणालाही न विचारता त्या वाटेनं जातोय हे सिद्ध केलं, की कायद्यानं तो आमचा हक्क. विचारून गेलो असू, तर ती मालकाची मेहेरबानी. मग हक्कबिक्क काही नाही.

गावच्या सभागृहात चौकशी झाली. मालकाच्या वकिलानं विनीला विचारलं, "जुन्या मालकांची परवानगी घेतली होती का?"

मी मागून कुजबुजलो, "आठवत नाही म्हण गं!"

"घेतली होती की," विनी म्हणाली. "दर नाताळात मी त्यांना आल्याचा केक द्यायचे, सोबत पत्र. 'आम्हा सगळ्यांना पुढच्या वर्षीही जाऊ द्याल ना?' 'खुशाल जा' म्हणायचे बिचारे. दुसऱ्याच्या रानातून न विचारता जाणं बरं दिसतं का?"

आम्हा बाकीच्यांची तोंडं पाहिल्यावर तिला कळलं.

बाहेर आल्यावर मी चारचौघांत तिच्यावर खेकसलो, "तुझ्या केकपायी आमची पोरं ट्रकखाली जाणार!"

"चुकलंच रे माझं," ती म्हणाली. खरं बोलल्याबद्दल ती माफी मागत होती, आणि मी ती मागू दिली. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

निकाल विरोधात गेला. मालकानं मात्र विनीला एकटीला किल्ली देऊ केली. "सगळ्यांना देत असाल तर द्या," म्हणून तिनं ती परत केली.

आता रोज सकाळी शाळेच्या वेळी ती पिवळं जॅकेट घालून त्या वळणावर घोडी उभी करते. हात वर करून ट्रक थोपवते आणि सायकलवरची पोरं पुढे काढते. त्यांत माझी मुलगीही असते.

काल तिनं मला विचारलं, "बाबा, विनी तुमच्याशी बोलत नाही का?"

बोलते. मीच खाली बघून पायडल मारत निघून जातो.