धाकट्या जावेची सनद

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा रत्नागिरीत कोर्टाजवळच्या एका दस्तलेखकाकडे टायपिंगला होती. दीर बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात आम्ही दोघी, माझे यजमान, सासरे आणि पुढे तिची दोन मुलं. मला मूल नाही. तिची मुलं माझ्याच अंगाखांद्यावर वाढली.

ती फारशी बोलकी नव्हे. ऑफिसातून आली की चहा घ्यायची, मुलांचा अभ्यास बघायची आणि भात लावायची. एके दिवशी मात्र जेवायला बसली आणि नुसता भात चिवडत राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, आज एक म्हातारी आलेली, भावाबरोबर. सही करायच्या आधी मला विचारलंन, 'बाय गो, ह्यात काय लिवलंय?' कागद मीच टाइप केलेला, पण मला सांगता आलं नाही. म्हटलं, साहेबांना विचारा. साहेब घाईत होते. तिने केली सही."

"मग?"

"मग काही नाही. मला हे शिकायचंय."

ती बी.ए. झालेली होती. लॉ कॉलेज सकाळचं, तिथून परस्पर ऑफिसला जाता आलं असतं. सासरे शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकायला माझी ना नाही. पण घराचं काय?" विचारलं तिला, पण बघत होते माझ्याकडे. "मी आहे की," मी म्हणाले. बोलून तर गेले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचार करत बसले की हे आपल्याला झेपणार कसं.

झेपलं, कारण तिने ते माझ्यावर टाकून दिलं नाही. बसून अभ्यास करायला तिला वेळच नसायचा, म्हणून ती तो हातातल्या कामाबरोबर करायची. कोलंबी सोलता सोलता मला शिकवायची. वहिवाट म्हणजे काय, कुळाचा हक्क कसा लागतो, एका बागेचे चार सहहिस्सेदार असले आणि तिघं मुंबईला असले तर काय होतं. शेजारच्या हापूसच्या कलमांवर सगळा कायदा चालायचा. मला एखादी गोष्ट कळली नाही, तर ती मला कधी नावं ठेवायची नाही. आपल्यालाच नीट कळलेलं नाही असं धरायची आणि हात धुऊन पुस्तक उघडायची. मी कितीतरी शिकलेली माणसं पाहिली, पण असं करणारं दुसरं कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी ऐन परीक्षेत मुलीला कांजिण्या आल्या आणि तिचा एक विषय राहिला. दोरीवर कपडे वाळत घालताना तिने मला ते सांगितलं, एरवीच्याच आवाजात. मला वाटलं, आता सोडील. दिरांचा बोटीवरून फोन आला. "पुरे आता. एवढी ओढाताण कशाला?"

ती म्हणाली, "एक विषय राहिलाय. बाकीचे सुटलेत, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

पुढच्या सुट्टीत ते घरी आले, तेव्हा मुलांचे डबे स्वतः भरायला लागले. राहिलेला विषयही सुटला. यथावकाश सनद मिळाली. वकिली करायची म्हणून तिने टायपिंगची नोकरी सोडली आणि जमीनजुमल्याची कामं बघणाऱ्या एका जुन्या वकिलांच्या हाताखाली जायला लागली.

त्याच सुमारास माझे दोघे धाकटे भाऊ आमच्याकडे आले. एक मालगुंडला आमच्या माहेरच्या घरीच असतो, दुसरा मुंबईला. आई आधीच गेलेली, वडील जाऊन वर्ष होत आलेलं. मुंबईच्या भावाने कागद पुढे केला. "आक्का, हक्कसोडपत्र आहे. एक सही हवी. तुला कुठे काय हवंय?"

मलाही तसंच वाटत होतं. पेन मी हातात घेतलं होतं. एवढ्यात जाऊ कोर्टातून आली. दोघांना पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, ताईंना वाचून दाखवू का?"

"घरातल्या घरात वाचायचं काय त्यात?"

"घरातलं आहे, म्हणूनच सावकाश वाचते."

एकेक वाक्य वाचून ती ते आपल्या रोजच्या भाषेत सांगत गेली. शेवटी म्हणाली, "ताई, सही केलीत तर घर आणि बाग यांवर तुमचा हक्क राहणार नाही. नाही केलीत तर आहे तसा राहील. मी तुमची जाऊ, म्हणून ह्यात तुमची वकील होणार नाही. हवं तर दुसऱ्या कोणाला विचारा."

काय कर, ते तिने सांगितलं नाही. आपल्याकडे सोडण्यासारखं काही आहे, हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "घर तुम्हाला घ्या. विहिरीकडची पोफळीची बाग मला हवी. आईबरोबर मी ती शिंपलेली आहे."

मुंबईचा भाऊ चहा न घेताच उठला. मालगुंडच्याने मात्र चहा घेतला, आणि पुढे त्यानेच दुसऱ्याची समजूत घातली. दुसऱ्या वकिलाकडून वाटणीपत्र झालं, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. आता सुपारी उतरवायला मी स्वतः जाते.

मुंबईचा भाऊ अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. पण गेल्या मे महिन्यात बायकोच्या माहेरच्या जमिनीत तिचा हिस्सा निघतो का, हे विचारायला तो माझ्या जावेकडेच गेला. तिने विचारलं, "वहिनी कुठायत? जमीन त्यांची आहे, मी त्यांच्याशीच बोलेन." दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन गेला. दोघी आत बराच वेळ बोलत बसल्या. तो बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होता.