भाड्याच्या बारा पावत्या

धोंडीराम साळवे सातपूरच्या एका कारखान्यात पगार विभागात कारकून होता. हुद्दा लहान, पण एप्रिल उजाडला की भलेभले फोरमन त्याच्या टेबलाशी घुटमळायचे. वर्षभरात कोणाला किती मिळणार, फंड आणि विमा वजा जाऊन त्यावर आयकर किती बसणार आणि दर महिन्याला हातात नेमकं काय पडणार, याचा अंदाज तो एका चिठोऱ्यावर मांडून द्यायचा. त्या चिठोऱ्याच्या भरवशावर लोक मुलीचं लग्न ठरवत, सायकल विकून लुना घेत. धोंडीरामचा अंदाज चुकला असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. स्वतः धोंडीराम तर मुळीच नाही.

या कौतुकानं गडी जरा चढला होता. त्यात खोट्या पावत्यांची त्याला भारी चीड. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्त्यावर करात सूट मिळे, म्हणून फेब्रुवारी आला की ज्याला त्याला घरमालक सुचायचे. एकदा खंडेराव फिटरनं सासऱ्याच्या सहीच्या पावत्या आणल्या. धोंडीरामनं त्या सगळ्यांदेखत परत केल्या. सासरा भाडं घेत असेल तर जेवणाचीही पावती आणा, असं वर ऐकवलं. सगळं ऑफिस हसलं. खंडेराव मान खाली घालून गेला आणि धोंडीरामला ते हसणं गोड लागलं.

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत त्यानं स्वतःचा हिशेब काढला, तेव्हा चूक सापडली. डिसेंबरात महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली होती. दोनशे माणसांच्या हिशेबात त्यानं ती आठवणीनं धरली आणि नेमकी स्वतःच्याच धरायची विसरला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! राहिलेला कर आता एकदम या पगारातून जाणार होता, साडेपाचशे रुपये. पैसे जाण्याचं दुःख होतंच, पण खरी धास्ती पगाराच्या दिवसाची होती. पगारपत्रकावर सही करताना मागचा माणूस पुढच्याचा आकडा वाचतोच. दुनियेला अंदाज सांगणाऱ्याला स्वतःचा सांगता आला नाही, हे सगळ्यांना कळलं असतं.

मग त्यालाही घरमालकीण सुचली.

उपनगरातल्या ज्या दोन खोल्यांत तो बायकोमुलांसह राहायचा, त्या त्याच्या आईच्या, शकुबाईच्या नावावर होत्या. देवळाली कॅम्पात साहेबलोकांची भांडी घासून तेवीस वर्षांत तिनं जागा घेतली, भिंती उभ्या केल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिची खाट होती. साठी उलटल्यावर विहारातल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊन ती सही शिकली. ती सही अजून कुठं कामाला आली नव्हती. पाटीवर नाव काढायची, नातवंडांना दाखवायची आणि पुसून टाकायची.

रविवारी धोंडीरामनं बारा पावत्या लिहिल्या. पगाराच्या दहाव्या हिश्श्याइतकं भाडं सवलतीत धरतच नाहीत, हे त्याला पाठ होतं, म्हणून महिना चारशे लिहिले. त्या वस्तीत असल्या खोल्यांना दीडशेसुद्धा कोणी दिले नसते. महसुली तिकिटं चिकटवून त्यानं पावत्या आईपुढं ठेवल्या. भाड्याच्या पावत्या आहेत, कर वाचतो, नुसतं कागदोपत्री असतं, सगळेच करतात, असं भराभर सांगून टाकलं. तिच्याकडं बघायचं मात्र टाळलं.

"मंजी तू मला भाडं देतो, आसं?" शकुबाईनं विचारलं.

"तसं लिहायचं असतं, आई."

चष्मा पुसून, एकेक अक्षर काढत तिनं बारा वेळा नाव लिहिलं. पाऊण तास लागला. मध्येच थांबून, सही चांगली येतेय का, असं तिनं विचारलं, तेव्हा तो नुसतं हो म्हणाला. उभ्या जन्मात आईनं कागदावर केलेली पहिली सही आपण खोट्या कागदावर घेतली, हे त्याला समजत होतं. तरी त्यानं पावत्या उचलून पिशवीत घातल्या.

सोमवारी साहेबांनी त्या न वाचता मंजूर केल्या. धोंडीरामनं दिलेला कागद कोण वाचतो?

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर खिडकीखालची खाट रिकामी. आईचं अंथरूण आत, मोरीच्या शेजारी. सुलाबाई, त्याची बायको, हताश होऊन म्हणाली की सकाळपासून सांगतेय, पण आत्याबाई ऐकत नाहीत. त्यानं आईला कारण विचारलं.

"घर भाड्यानं दिलंय ना? उद्या कुनी सायब बघाया आला आन् मालकीनच पुढं पसरलेली दिसली, तर तुझी नोकरी जाईल बाबा." मग शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज उतरवला. "शेजारच्या भागुबाईलाबी सांगून ठेवलंय, धोंडू मला म्हैन्याला चारशे देतो म्हनून. चारशेच ना?"

धरणीनं पोटात घ्यावं असं धोंडीरामला झालं. तेवीस वर्षं परक्या घरात राबून जिच्याकडं कोणी बोट दाखवलं नाही, ती म्हातारपणी मुलासाठी खोटं पाठ करत होती. तेही नीट जमावं म्हणून आकडा पक्का करून घेत होती. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी त्यानं साहेबांकडं पावत्या परत मागितल्या. काही चूक झाली का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा खोट्या आहेत एवढंच बोलला. पगाराच्या दिवशी साडेपाचशे कापले गेले. सहीच्या रांगेत मागे खंडेराव होता. त्यानं आकडा वाचला, धोंडीरामकडं पाहिलं आणि स्वतःची सही करून निघून गेला. चार शब्द ऐकवले असते तर धोंडीरामला बरं वाटलं असतं.

घरी आल्याबरोबर तो आईजवळ बसला. पावत्या फाडल्या, कर भरला, आता कोणी बघायला येणार नाही, माझं चुकलं, असं सगळं सांगितलं. मग पुढच्या खोलीत न्यायला तिचं अंथरूण गुंडाळू लागला. शकुबाईनं त्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "पुढल्या साली परत लागतीलच की तुला."