छज्ज्यावरचं थोरलं पिल्लू

डिलाईल रोडच्या चाळीतून पुनर्वसनाच्या टॉवरात आल्यावर शैला गमरेंना आयुष्यात पहिल्यांदा दुपारची भीती वाटू लागली. चाळीत दुपारीसुद्धा कोणाचा तरी कुकर शिट्टी मारायचा, कोणाचं तरी भांडण चालायचं. इथे चौदाव्या मजल्यावर मुलगा प्रफुल्ल नऊला ऑफिसला गेला, की लागलेलं दार संध्याकाळपर्यंत लागलेलंच.

परळच्या एका इस्पितळात त्यांनी एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात आयाचं काम केलं होतं. कोणतं बाळ तगणार आणि कोणतं नाही, हे गमरेमावशींना डॉक्टरांच्या आधी कळतं, असं तिथे बोललं जायचं. त्यांना ते बोलणं कधीच आवडलं नाही.

जानेवारीत समोरच्या विंगेतल्या एका बंद घराच्या छज्ज्यावर घारीने घरटं केलं. दोन विंगांमध्ये अंतर एवढंच, की कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या जोडल्या तर पलीकडे टेकाव्यात. छज्जा थोडा खाली होता, त्यामुळे घरट्यातलं सगळं दिसे. काटक्या, केबलची वायर, कोणाच्या तरी ब्लाउजची फाटकी बाही. फेब्रुवारीत त्यात दोन पिल्लं निघाली. धाकटं तीन दिवसांनी मागून आलं आणि तेवढ्यानेच मार खाऊ लागलं. नराने अर्धा उंदीर आणून टाकला, की थोरलं आधी धाकट्याच्या डोक्यावर चोच मारायचं, मग खायचं. मादी शेजारी बसून बघायची.

"अरे, ते मारतंय त्याला," शैलाबाईंनी प्रफुल्लला सांगितलं. "आईला दिसतंय, पण ती ढिम्म हलत नाही."

"आई, जंगली जात ती. तू कशाला खिडकीत बसतेस? टीव्ही लाव ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबडीची कलेजी आणली. दोन काठ्या एकीला एक बांधल्या, टोकाला तुकडा अडकवला आणि धाकट्याच्या तोंडाशी नेला. थोरल्याने तो ओढून घेतला. मादीने झडप घालून काठीला पंजा हाणला. शैलाबाई हटल्या नाहीत. रोज दुपारी काठी बाहेर निघू लागली. चौथ्या दिवसापासून मादीने झडप घालणं सोडलं. ती छज्ज्याच्या कडेला सरकून बसे आणि एकटक शैलाबाईंकडे बघत राही. धाकट्याला आठवडाभरात जेमतेम दोन तुकडे मिळाले. थोरलं मात्र बघता बघता दुप्पट झालं.

एका सकाळी धाकटं निपचित पडलेलं दिसलं. मादीने त्यावर पाय ठेवला, लचका तोडला आणि थोरल्याला भरवला. पांढुरकी लव वाऱ्यावर तरंगत आली आणि शैलाबाईंच्या ग्रिलला चिकटली. आपली कलेजी कोणाच्या अंगी लागली, ते त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी काठ्या सोडल्या, काच सरकवून कडी घातली.

एप्रिलमध्ये पिल्लू उडालं. त्याची पहिलीच झेप थेट त्यांच्या ग्रिलवर. टक. टक. टक. मग रोज अडीचच्या सुमाराला तेच.

एकदा शेजारच्या जाईबाई चहाला आल्या होत्या. कप ओठांशीच थांबला.

"कोण गं दार वाजवतंय?"

"दार नाही, जाई. खिडकी."

जाईबाईंनी पडदा जरासा बाजूला केला आणि लगेच ओढून घेतला. "शैला, ते आत बघतंय. मी एवढी समोर उभी, पण माझ्याकडे नाही. तुझ्याकडे बघतंय गं."

रविवारी प्रफुल्लने पाणी मारून ते हाकललं. पिल्लू समोरच्या बंद घराच्या खिडकीवर जाऊन बसलं आणि पंख झटकून तिथूनच बघत राहिलं. आता प्रफुल्लचाही आवाज जड झाला. "आई, तू त्याला काही देत होतीस का?"

"धाकट्याला देत होते," त्या म्हणाल्या.

पुढे तीन आठवडे त्यांनी खिडकी उघडली नाही. उकाड्याने जीव जायची वेळ आली. टक टक काही थांबेना. उलट आता पडद्यावर त्याची सावली त्यांच्यामागोमाग सरके. त्या पलंगावर बसल्या की सावली त्या कोपऱ्याला, ओट्याशी गेल्या की या कोपऱ्याला. शेवटी एका दुपारी त्यांनी पडदा सारला, काच उघडली आणि रिकामा हात ग्रिलमधून बाहेर काढला.

"बघ. काही नाही माझ्याकडे."

पिल्लाने मान वाकडी केली. मग चोचीचं टोक तळव्यावर टेकवलं. एकेक बोट चाचपलं, बोटांच्या बेचक्यांत शोधलं, सावकाश, कुठेही न टोचता. वॉर्डात डोळे न उघडलेली बाळं असंच तोंड फिरवून शोधत. शैलाबाईंनी हात मागे घेतला नाही. पिल्लाने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन विंगांच्या फटीतून रस्त्याच्या बाजूला झेप घेतली. ते परत कधी आलं नाही.

संध्याकाळी प्रफुल्ल घरी आला, तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि आई मोरीत हात धूत होती.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

त्यांनी पुन्हा साबण घेतला.