दुपारी सव्वाची नोंद

मुकुंदवाडीच्या करुणा खिल्लारेनं नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तिच्याजवळ कडेवरची लेक, एक पिशवी आणि कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट एवढंच होतं. पुढं पंधरा वर्षं तिनं शहरातल्या एका महिला संस्थेची वेबसाइट सांभाळली. मारहाणीच्या घरातून कसं निघायचं, पोरांचे कोणते कागद आधी काढून ठेवायचे, पोलिसांत काय बोलायचं, ही सगळी पानं तिनंच लिहिली. ऐकून नाही, सोसून लिहिली.

मागच्या वर्षी बाहेरगावचे संशोधक आले. वेबसाइट कोण, कुठून बघतं, त्याच्या नोंदी त्यांना हव्या होत्या. संस्थेचे प्रमुख राजेंद्र सर हुरळून गेले.

"सर, नावं नसली तरी कुठलं कनेक्शन, किती वाजता, कोणतं पान, सगळं असतं त्यात," करुणा म्हणाली. "खेड्यात तेवढ्यावरून माणूस सापडतो."

"अगं, शिकलेली माणसं आहेत ती. कुणाच्या घरात कशाला डोकावतील?"

दोन दिवस ती अडून बसली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तुला जमत नसेल तर दुसरं कुणी बघतो." लेक बारावीला होती. करुणानं फाइल पाठवली.

सहा महिन्यांनी सिल्लोडला संशोधकांचा कार्यक्रम झाला. समोर गावची बडी मंडळी, लॅपटॉपवर करुणा. पडद्यावर तालुक्याचा नकाशा आला, आणि संशोधक कौतुकानं सांगू लागला, "हे बघा. इथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून रोज दुपारी सव्वाला कुणीतरी 'मुलांना घेऊन घर सोडताना' हे पान उघडतं."

तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठून बाहेर गेला. जिनिंगच्या त्या ऑफिसात बाई एकच होती, त्याची भावजय सत्यभामा.

आठवड्यानं संस्थेत बातमी पोचली. करुणा एसटीनं सिल्लोडला गेली. सत्यभामा दारात आली. हात प्लास्टरमध्ये, एक डोळा मिटलेला. नोकरी सुटली होती. दोन्ही पोरं जळगावला नणंदेकडं धाडली होती. मागं सासू पाटावर बसून सगळं ऐकत होती.

"घरी मोबाइल तपासतेत, म्हणून हापिसात वाचायचे मी, जेवणाच्या सुट्टीत," सत्यभामा हळू आवाजात म्हणाली. "पानाच्या खाली लिव्हलं व्हतं, तुमची माहिती कुणालाच कळणार नाय. कुणी लिव्हलं ते?"

"मी."

सत्यभामा रडली नाही, चिडलीही नाही. "लई चांगलं लिव्हलंय. माझा इश्वास बसला."

"अन् आता आली तोंड दाखवायला," सासू आतून म्हणाली. "लाव गं दार." सत्यभामानं धड हातानं दार लावलं.

"वाईट झालं," दुसऱ्या दिवशी संस्थेत राजेंद्र सर म्हणाले. "पण आपण नाव कुठं दिलं कुणाचं? बरं, पुढच्या सहा महिन्यांची फाइल मागितलीय त्यांनी."

"मी देणार नाही."

सरांनी नव्यानं लागलेल्या ऋतुराजला हाक मारली. पासवर्ड करुणाकडूनच लिहून घेतला. पाव तासात फाइल गेली. तिच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली, 'घरगुती कारणास्तव'.

आता ती मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या दुकानात लोकांचे अर्ज भरून देते. दोनदा सिल्लोडला जाऊन आली. दार उघडलं नाही. शेजारणीनं एवढंच सांगितलं, पोरं अजून जळगावलाच हायेत, अन् धाकटं आता आत्यालाच आई म्हणतंय.