पाणी भरणाऱ्याचे पाय

गेलन मोहलरने चव्वेचाळीस वर्षं कॅन्ससच्या शेतांवरचे विहिरींचे पंप दुरुस्त केले. पंप बंद पडला की लोक त्याला फोन करायचे आणि तो आला की निर्धास्त होऊन घरात जायचे. स्वतःच्या घरी मात्र त्याने कधी कुणाला कामाला बोलावलं नाही. छप्पर त्यानेच घातलं, ट्रकचं इंजिनही त्यानेच उतरवलं. रविवारी चर्चच्या उपासनेत प्रार्थनेचे विषय विचारले जात, तेव्हा तो शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुखणी सांगून खाली बसे.

"आणि तुमच्यासाठी काही, ब्रदर गेलन?" पाळकबाई जोआन विचारायच्या.

"माझं ठीक चाललंय. देवाने दोन हात दिलेत. बारीकसारीक कामाला त्याला कशाला हाक मारायची?"

लोक हसत. त्याची बायको व्हर्डा हसत नसे. "तू देवालासुद्धा तुझं काही करू देत नाहीस," ती घरी येताना म्हणे.

मधुमेहाने गेलनच्या पायांची जाणीव गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम तुम्हाला कळणार नाही, रोज दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं. म्हणून दहा वर्षं जेवणानंतर व्हर्डा चष्मा लावून त्याचे पाय मांडीवर घ्यायची आणि तळवे तपासायची. गेलन याला मदत म्हणत नसे. बायकोची सवय आहे, म्हणायचा.

डिसेंबरात व्हर्डा गेली. चर्चच्या मंडळींनी आठवडाभर जेवण पोचवलं. गेलनने भांडी धुऊन, पुसून ज्याची त्याला परत केली. रडू आलं नाही. सकाळी उठायचा, कॉफी करायचा, खिडकीशी बसायचा आणि कॉफी निवून जायची. रात्रीची प्रार्थना तो करत होता, पण इतरांची नावं संपली की तिथेच थांबत होता.

मार्चमध्ये उजव्या मोज्याला डाग दिसला. वाकून तळवा दिसेना. जमिनीवर आरसा ठेवून पाहिलं, तर करंगळीखाली काहीतरी काळसर होतं. दुखत नव्हतं. त्याने अंदाजाने मलम लावलं, पट्टी गुंडाळली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मंडळींचं प्रीतिभोजन असतं. पुरुष एका टेबलाशी बसतात, बायका दुसऱ्याशी. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे एकाने कमरेला टॉवेल बांधून शेजाऱ्याचे धुवायचे, त्याला मिठी मारायची, टॉवेल त्याच्या कमरेला बांधायचा, मग त्याने पुढच्याचे धुवायचे. त्यानंतर रश्शात भिजवलेला पाव आणि प्रभुभोजन. तीस वर्षं गरम पाण्याच्या किटल्या गेलनकडे होत्या. कोपराने पाणी तपासून तो घंगाळात ओतायचा आणि पुढे सरकायचा. त्याचे पाय कधीतरी आधीच धुऊन झाले असतील, असं प्रत्येकाला वाटायचं. ते कधीच झाले नव्हते. हे फक्त व्हर्डाला माहीत होतं.

या वर्षी मंडळीतली तरुण मुलगी डेनिस हिने त्याच्या हातातून किटली घेतली. "काका, आज तुम्ही बसा. पाणी मी बघते."

गेलन मर्ल फ्लोरीशेजारी जाऊन बसला. मर्ल त्याचा शाळेपासूनचा मित्र. टॉवेल मर्लकडे आला तसा तो कण्हत गुडघ्यांवर उतरला.

"काढ मोजे."

"डावा धू. एक पुरे."

"सवलतीचा सेल लागलाय का? दोन्ही काढ."

"राहू दे रे, मर्ल."

"हे बघ, खाली आलोय ते कसा आलोय माझं मला ठाऊक. वर यायला क्रेन लागेल. तोवर मी काही हलत नाही."

गेलनने डावा मोजा काढला. मर्लने उजव्याला हात घातला तर तो निघेना, तळव्याला चिकटला होता. मर्लने ओंजळीने थोडंथोडं पाणी सोडत तो सुटा केला. मग तळवा उजेडाकडे वळवून पाहिला.

"कधीपासून हे?"

"ती गेल्यापासून कोण बघतंय?"

"अरे गाढवा, मी मेलो होतो का?"

टेबलाभोवती चाललेलं गाणं थांबलं. मर्लने उजवा पाय पाण्यात घातला नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून ठेवला. डावा मात्र धुतला. पाणी ऊन होतं की गार, गेलनला कळलं नाही. मर्लचा टकला माथा खाली हलताना तेवढा दिसत होता.

भोजनाला थांबायचं नाही असं ठरलं. मर्लच्या बायकोने गाडी काढली आणि रश्शाचा डबा गेलनच्या मांडीवर ठेवला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या, करंगळी काढावी लागेल, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. गेलनने मान डोलावली.

ऑपरेशनआधी खाटेवर पडल्यापडल्या त्याने हात जोडले. सवयीने आधी इतरांची नावं घेतली. ती संपल्यावर या वेळी तो थांबला नाही.

"प्रभू, मला माझा तळवा दिसत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मला दिसत नाही. तू बघ."

काही झालं नाही. आतून उबदार वाटलं नाही, रडूही आलं नाही. त्याला न्यायला माणसं आली आणि त्याने स्वतःहून अंग सैल सोडलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी पाळकबाईंनी प्रार्थनेचे विषय विचारले. गेलन काठी टेकून उभा राहिला. शेजाऱ्यांची दोन दुखणी सांगितली. मग खाली न बसता तसाच उभा राहिला.

"आणि माझ्यासाठी," तो म्हणाला. "रोज जेवणानंतर कुणीतरी माझे पाय बघायला हवेत."

कुणी हसलं नाही. पाळकबाईंनी लिहून घेतलं.

"मी येईन," मागच्या बाकावरून मर्ल म्हणाला. "पण पाय मांडीवर घेईन, खाली बसणार नाही."

"चष्मा आण," गेलन म्हणाला आणि बसला.